मधला मासा

धनीबाईच्या हातून जे झालं, ते तांड्यातल्या कुठल्याही शहाण्या बाईच्या हातून झालं असतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पोरगा सहा वर्षांनी घरी आला होता. येताना पत्र्याचा एक डबा घेऊन आला होता, डबा मिठाने भरला होता आणि मिठात मासे होते. आता अशा डब्याचं बाईने काय करायचं असतं, तुम्हीच सांगा.

साल होतं एकसष्ट. महाराष्ट्र झाल्याला अजून वर्ष भरायचं होतं. दिग्रसपासून कोस-दीड कोसावरच्या त्या बंजारा तांड्यात थंडीतली वेचणी चालली होती, आणि अशातच उत्तमसिंग उगवला. दारव्ह्यापर्यंत लहान रेल्वेने, पुढे दिग्रसपर्यंत एस.टी.ने आणि तिथून पायी. अंगात कोट, पायात बूट आणि डोक्यावर डबा. वेचणाऱ्या बायका ओटीतला कापूस तसाच धरून त्याच्याकडे बघत राहिल्या.

उत्तमसिंग समुद्रकाठच्या एका सरकारी कचेरीत नोकरीला होता. काम काय, तर मासे मोजायचे. किती मासे आले ते नव्हे. एकेक मासा फळीवर आडवा घालायचा आणि त्याचं डोकं केवढं, डोळा केवढा, तोंडापासून शेपटीपर्यंतचं अंग केवढं, ते पट्टी लावून बघायचं. ही बातमी तांड्यात आली तेव्हा तांड्याचा मुख्य, नायक सेवादास, म्हणाला होता, "सरकारले आता कामच नाई उरलं वाट्टे." त्यावर सगळा तांडा हसला होता. बाबुलालही हसला होता, आणि तो तर पोराचा बाप. धनीबाई मात्र हसली नव्हती. कोणी विचारलं की "पोरगा समुद्रावर साहेब हाये" एवढं बोलून ती विषय संपवायची. पण आत एक किडा वळवळत असायचा. माशाचा डोळा मोजून करतात काय? डोळा मोठा निघाला तर पुढे काय होतं? हे विचारायला माणूस हवा होता आणि तो माणूस सहा वर्षं आला नव्हता.

आला त्या दिवशी तो जेवला आणि आडवा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरच्या कॉलेजातल्या आपल्या सरांना तार करायला म्हणून दिग्रसला निघून गेला. बाबुलाल कापसाची गाडी घेऊन सरकी काढायच्या जिनात गेलेला. घरात धनीबाई आणि कोपऱ्यात डबा.

तांड्याची एक रीत होती. आज्या-पणज्याच्या काळी ही माणसं बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मुलूखभर फिरत, आणि गोणीत बहुतेक वेळा मीठ असे. दूरदेशाहून परतलेल्या माणसाने जे आणलं, ते त्याच्या एकट्याच्या घरात राहत नसे. पहिला वाटा नायकाचा, आणि तोही कच्चा. शिजवून पाठवणं म्हणजे नायकाच्या घरची चूल पेटत नाही असं म्हणण्यासारखं. पुढे रेल्वे आली, बैलांचा धंदा बुडाला, माणसं शेतीला लागली. मीठ आता दुकानातून येऊ लागलं होतं, पण वाट्याची रीत मोडली नव्हती.

तेव्हा धनीबाईने डबा उघडला. वरचं मीठ हाताने बाजूला केलं आणि मासे एकेक करून परातीत काढले. चार होते करंगळीएवढे. आखूड, फुगीर, बोथट तोंडाचे, आणि डोळे एवढे मोठे की चेहऱ्यावर दुसरं काही दिसेना. दोन होते हातभर लांबीचे, सडपातळ, लांबुडक्या तोंडाचे. त्यांचे डोळे शोधावे लागत होते. ही जात वेगळी आणि ती वेगळी, हे आंधळ्यालाही कळलं असतं. उरलेले तीन मधले, वीत-दीड वीत. बारके पाहुण्याला वाढले तर नाव जाईल, मोठे आपल्या गंजात मावायचे नाहीत. मधले मात्र अगदी बेताचे. तिने त्यातला सगळ्यात देखणा उचलला, वरवर पुसला, पळसाच्या पानात गुंडाळला आणि नायकाच्या घरी त्याच्या बायकोच्या, पंचफुलाबाईच्या हातात नेऊन दिला. दुसरे दोन धुतले, पाण्यात घालून खार उतरवला आणि लसूण, लाल मिरची आणि चिंचेच्या कोळात शिजवले. वासाने शेजारच्या दोघी डोकावून गेल्या. धनीबाईला बरं वाटलं. सहा वर्षांनी तिच्या घरातून नायकाकडे वाटा गेला होता.

दुपारी उत्तमसिंग आला तो भुकेला. तिने ज्वारीची भाकर आणि कालवण पुढे ठेवलं. तो बोटं चाटत जेवला.

"याडी, मासा लय मस्त झाला," तो म्हणाला. याडी म्हणजे आई. "पण हा नदीचा तं नाई लागत. बाजारातून आणला का?"

"बाजारातून कायले आणू? तुहाच तं होय."

उत्तमसिंगचा हात भाकरीवरच राहिला. "माहा म्हणजे?"

"डब्यातला. लहान ठेवले, मोठे ठेवले, मधले केले."

त्याने हातातला घास ताटलीत ठेवला, हात धुतला आणि डब्याशी जाऊन मिठात कोपरापर्यंत हात घातला. सगळा डबा चाचपून झाला. मग तो तिथेच जमिनीवर बसला. तो ओरडला असता तर धनीबाईला सोपं गेलं असतं. तो हसायला लागला, आणि हसता हसता एकदम थांबला.

"काय झालं रे? इखाचे होते का?"

"इखाचे नाई. माह्या कामाचे होते. तो डबा नागपूरले सरले दाखवाचा होता."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"माशाच्या डब्याले कोनी हात लावन, हे माह्या ध्यानातच नाई आलं. तथी कोनीच लावत नाई."

त्यानंतर इतकी वर्षं पोटात ठेवलेला प्रश्न धनीबाईने अखेर विचारला. तिची चूक तर झालीच होती. निदान काय मोडलं ते तरी कळायला हवं होतं. उत्तमसिंगने एक बारका आणि एक मोठा मासा पाटावर शेजारी शेजारी ठेवला.

"हे दोन येगयेगळे दिसतेत ना?"

"दिसतेतच."

"एकच हाये. हे लेकरू, हा बाप. समुद्रावरचे कोळी लहान्याले एक नाव घेतेत, मोठ्याले दुसरं. आमच्या सरनं त्याईच्या तरुणपणी दोन्हीची दोन जाती म्हणून नोंद केली. म्या म्हणतो, जात एकच हाये, अंगाचं माप बदलते. वाढताना सारं अंग सारखं नाई वाढत. डोळा हळू वाढते, तोंड लवकर वाढते, धड त्याहून लवकर. म्हणून लहानपणी सारा डोळाच दिसते आन् मोठेपणी डोळा दिसतच नाई."

धनीबाईने बारका मासा हातात घेऊन पाहिला, मग मोठा. तिला ते पटेना. पण डोळ्याभोवतीची पिवळसर कड दोघांनाही होती, हे तिला आता दिसलं.

"आन् मधला?"

"मधल्यावर तं सारं हाये. लहानाचा डोळा आन् मोठ्याचं धड दोन्ही जथी अर्ध्यात येते, तो मधला. त्या वयाचा मासा काठाजवळ येतच नाई. दोन पावसाळे शोधला तवा तीन भेटले. सर म्हणतेत, आकडे मले नको दाखवू, मासा दाखव. आता मधला नाई तं सर आपलं लिहिलेलं कायले खोडतीन? माहं काम पाण्यात गेलं. पुन्हा माहं कोन ऐकते?"

एवढं बोलून त्याने दोन्ही मासे परातीत ठेवले. त्याने आईला दोष दिला नाही आणि तेच तिला सोसवेना. हा पोरगा लहानपणापासून असाच, मार खाईल पण तक्रार करणार नाही. तिने ओढणी सारखी केली.

"तिसरा नायकाकडे हाये," ती म्हणाली. "कच्चा दिला."

उत्तमसिंगने मान वर केली आणि लगेच खाली घातली. दिलेला वाटा परत मागायचा नसतो, हे त्यालाही ठाऊक होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका घराने रागाच्या भरात हरणाचा वाटा परत मागितला होता. त्या घरात पुढे कोणी वाटा पाठवला नाही, म्हातारा मेला तरी नाही.

"जाऊ नको, याडी. तुले इथंच राहाचं हाये. म्या दोन दिसाचा."

"म्हणूनच जातो," धनीबाई म्हणाली आणि निघाली.

वाटेत ती मनाशी हिशेब करत होती. मासा चुलीवर गेला असेल तर प्रश्नच मिटला, आणि नसेल गेला तर तोंड उघडावं लागेल. दोन्हींत बरं काय, तेच तिला ठरवता येईना.

मासा चुलीवर गेला नव्हता. नायकाच्या ओसरीतल्या खुंटीला तो सुतळीने टांगलेला होता आणि त्याच्यासमोर बाजेवर बसून सेवादास त्याच्याकडे पाहत होता. सकाळपासून बसला होता म्हणे. पंचफुला तीनदा तवा टाकून बाहेर आली आणि तीनदा त्याने तिला परत पाठवलं. माशाच्या अंगावरचं मीठ बोटाने खरवडून तो जिभेवर ठेवत होता. समोर त्याची चार-पाच वर्षांची नात जमनी, तीही आजोबाचं बघून बोट चाटत होती.

धनीबाईने घुंगट खाली ओढलं आणि ओसरीखाली उभी राहिली. नायकासमोर तिने कधी तोंड उघडं ठेवलं नव्हतं, आणि आज तर ठेवायची हिंमतही नव्हती.

"ये धनी," नायक म्हणाला. "हे मीठ दुकानचं नोहे. हे समुद्राचं. माह्या आज्यानं आणलं, त्याच्या बापानं आणलं. त्याच्यानंतर या घरात आता आलं. तुह्या पोरानं आणलं."

आता याच्यापुढे काय बोलायचं? तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण घुंगट असल्याचा तेवढा फायदा होता.

"नायकबा," ती म्हणाली, "तो मासा मले वापस पायजे."

पंचफुला पळी घेऊन दारात आली. शेजारच्या ओसरीतलं बोलणं थांबलं. नायकाने बोट धोतराला पुसलं.

"काय बोलून राह्यली तू? वाटा वापस मागते?"

"मागतो. चूक माही हाये. वाटा द्याचा नव्हता तो, पोराच्या कामाचा होता. पोराले पुसल्याबिगर म्या देल्ला."

"माशे मोजाच्या कामाचा?"

"होय जी." आणि मग तिने सगळं सांगितलं, बारका, मोठा, डोळा, धड, सरांनी केलेल्या दोन जाती. सांगताना दोनदा चुकली, मागे जाऊन पुन्हा सांगितलं. नायक ऐकत होता, पण त्याच्या कपाळावरची आठी काही गेली नाही.

"लहानाचं मोठं होते," तो म्हणाला. "वासराचा बैल होते. याच्यात शोधलं काय त्यानं?"

धनीबाईची नजर जमनीवर गेली. मीठ चाटून झाल्यावर पोर दोन्ही हातांनी डोकं खाजवत होती. आणि धनीबाईला एक जुनी सकाळ आठवली.

"नायकबा, उत्तमले शाळेत टाकाले तुमीच तं नेलं होतं. तुमच्याच दमणीत."

"नेलं होतं. मंग?"

"मास्तरनं त्याले काय कराले लावलं?"

नायक आठवू लागला. त्या काळी तांड्यात कोणाची जन्मतारीख लिहिलेली नसायची, आणि मास्तरांची एकच कसोटी होती. पोराने उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि डावा कान धरायचा. हात पुरला तर पोर शाळेचं झालं. उत्तमचा हात टाळूपाशीच संपला होता. मास्तरने त्याला परत पाठवलं आणि नायक दमणीचे बैल हाकत चरफडत घरी आला होता.

"पुढच्या साली पुरला म्हणे," धनीबाई म्हणाली. "म्या तथी नव्हती. त्या साली आमी खडी फोडाले मुलूख सोडून गेलतो आन् तो पुसदकडे माह्या भावापाशी होता. पण एका सालात पुरला ना? डोकं तेवढंच राह्यलं आन् हात लांबला. सारं सारखं वाढलं असतं तं हात जलमभर पुरला नसता. तसंच माशाचं हाये. मास्तर कानावरून वय पाहे, माहा पोरगा डोळ्यावरून पाह्यते."

नायकाने जमनीला जवळ ओढलं. तिचा हात धरून तिच्या डोक्यावरून पलीकडे नेला. बोटं केसांतच अडकली, कान कुठल्या कुठे. मग त्याने स्वतःचा सुरकुतलेला हात डोक्यावरून नेला आणि कान सहज धरला. पुन्हा जमनीचा हात, पुन्हा स्वतःचा. सत्तर वर्षं हे अंग घेऊन तो फिरला होता आणि हे त्याच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

"पोरगा कोठी हाये?" त्याने विचारलं.

पोरगा फाटकाशीच होता. आईच्या मागोमाग आला होता, हातात परात, परातीत दोन मासे. नायकाने घोंगडी अंथरायला लावली. तिच्यावर परात ठेवली, खुंटीवरचा मासा स्वतःच्या हाताने सोडला आणि दोघांच्या मध्ये ठेवला.

तोवर अर्धा तांडा गोळा झाला होता. बारका, मधला, मोठा, असे तीन मासे एका ओळीत होते आणि ज्यांना दोन जाती दिसत होत्या त्यांना त्या दिसेनाशा झाल्या. बारक्याचं बोथट तोंड मधल्यात थोडं पुढे आलं होतं, मोठ्यात आणखी पुढे. पंचफुला पळीसकट वाकून बघत होती.

"डोळा तेवढाच राह्यला," नायक म्हणाला.

"तेवढाच नाई जी," उत्तमसिंग म्हणाला. "वाढला, पण बाकीचं अंग त्याच्या पुढं निघून गेलं."

नायक बराच वेळ बघत राहिला. मग बाजेवर नीट बसला आणि सगळे त्याच्याकडे वळले. मासे समजले होते, पण वाट्याचं काय, हा प्रश्न तसाच होता. धनीबाईने ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"दिलेला वाटा वापस जात नाई," नायक म्हणाला. "धनीनं मागतलं, ते म्या ऐकलंच नाई. हा मासा माहा हाये." तो उत्तमसिंगकडे वळला. "उत्तम, तू नागपूरले कधी चालला?"

"उद्या, नायकबा."

"बैल लादून गडी निघाला का नायक त्याले शिदोरी देत असे. माहा आजाबी देत असे. माह्या मालाची शिदोरी म्या देतो, कोनाच्या बापाचं काही जात नाई." त्याने मासा उचलून उत्तमसिंगच्या परातीत ठेवला. "पण शिदोरी घेतली का येऊन सांगा लागते. कोठी गेला, काय पाह्यलं, ते इथं बसून. सांगत नाई तोवर तो गडी घरी आला असं धरत नसत. ध्यानात हाये ना? आन् दर खेपेले."

उत्तमसिंगने मान डोलावली. धनीबाई घुंगटाआड रडत होती आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो नागपूरहून परतला. घरी न जाता सरळ नायकाच्या ओसरीत आला, कारण रीतच तशी होती. धनीबाई आधीच खाली येऊन बसली होती. कामधंदा सोडून माणसं जमली होती, आणि ज्या कामावर तांडा हसला होता त्याच कामाचं पुढे काय झालं म्हणून माना पुढे काढून बसली होती.

उत्तमसिंगने सांगितलं. सरांनी तीन मासे टेबलावर ओळीने मांडले. भिंग घेतलं. दुपारचा चहा आला तो तसाच गार झाला. मग त्यांनी कपाटातून आपलं जुनं पुस्तक काढलं, दोन नावांतलं एक पेनाने खोडलं आणि उत्तमसिंगकडे बघून रागानेच म्हणाले, इतके दिवस कुठे होतास?

"खोडलं?" नायकाने विचारलं.

"खोडलं."

"आन् माही शिदोरी?"

"त्यायनं ठेवून घेतली. कालेजात बरणीत ठेवतीन म्हणाले. तिन्ही."

ओसरीत आनंद झाला. नायकाने पंचफुलाला चहा टाकायला सांगितलं. जमनी या आठवडाभरात एकच उद्योग शिकली होती. ती मधोमध उभी राहून हात डोक्यावरून नेत होती आणि तो टाळूपाशीच संपत होता. बाकीची पोरंही तेच करायला लागली.

धनीबाई मात्र सरांच्या वाक्यापाशीच थांबली होती. इतके दिवस कुठे होतास? हे तिलाच विचारायचं होतं. तिच्यापाशी एक बारका उत्तम होता, मोठ्या डोळ्यांचा, शाळेतून परत पाठवलेला, हात टाळूवर ठेवून रडणारा. आणि एक हा समोरचा, कोटातला, मिशीवाला. यांच्या मधलं पोर भावाने पाहिलं, वसतिगृहाच्या लोकांनी पाहिलं, नागपूरने पाहिलं. तिने पाहिलं नव्हतं.

"उत्तम," ती म्हणाली, "तू लाव हात."

"कोठी?"

"कानाले. डोक्यावरून."

तो संकोचला. "याडी, म्या आता पंचवीस वर्षांचा हाये. साऱ्यासमोर?"

"तुहा हात पुरला तवा म्या नव्हती."

उत्तमसिंगने आईकडे पाहिलं. मग त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली, उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेला आणि डावा कान धरला. पोरं खिदळली, जमनीने टाळ्या वाजवल्या. तो मात्र हसला नाही आणि हातही काढला नाही, आई सांगेपर्यंत तसाच बसून राहिला.

धनीबाईने नायकासमोर घुंगट वर केलं आणि पोटभर पाहून घेतलं.